रस्त्याचा हंगाम ओळखून गाडी चालवणे : नाशिक जिल्ह्यातील गावरस्ते (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

शिवाररस्ता

नाशिकहून दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवला किंवा पेठ या बाजूंना स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. कोणी सप्तशृंग गडावर जातो, कोणाची शेती आहे, तर कोणाचे सासर तिकडे आहे. अपघातांची चर्चा निघाली की वेग, दारू, हेल्मेट आणि सीटबेल्ट हे विषय येतात आणि ते यायलाच हवेत. पण त्या चर्चेत गावाकडच्या रस्त्याचा एक विशेष हमखास सुटतो, तो म्हणजे हा रस्ता बारा महिने सारखा नसतो. आपण ज्याला केवळ जाण्यायेण्याची वाट समजतो, तो शेतकऱ्याच्या दृष्टीने खळ्याचा, गोठ्याचा आणि बाजाराचाच पुढे वाढलेला भाग असतो, आणि कोणते पीक निघाले आहे त्यावर त्याचे रूप ठरते.

ऑगस्टपासून पुढे टोमॅटोचा हंगाम असतो. तेव्हा गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजूला कॅरेटनी भरलेल्या पिकअप दुपारनंतर घाईत असतात, कारण लिलावाची वेळ गाठायची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येवला आणि नांदगावकडे मका निघतो आणि डांबराची एक बाजू कणसे किंवा दाणे वाळवण्यासाठी अडवलेली आढळते, कडेला दगडांची रांग मांडून. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते आणि एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या किंवा बैलगाड्यांची रांग रात्रभर चालते. जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा काळ. पहाटे मजुरांना बागेकडे नेणाऱ्या गाड्या आणि दिवसभर माल शीतगृहाकडे नेणाऱ्या गाड्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या अरुंद रस्त्यांवर असतात. लाल कांदा हिवाळ्यात आणि उन्हाळ कांदा चाळीतून थेट दसऱ्यापर्यंत बाजारात येत राहतो, त्यामुळे लासलगाव, विंचूर, उमराणे आणि चांदवडच्या रस्त्यांना तर जवळजवळ वर्षभर ट्रॅक्टरची रांग असते. पावसाळ्यात भातपट्ट्यात लोखंडी चाके लावलेले ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर येतात आणि मागे चिखलाचा असा थर सोडतात की दुचाकीचे चाक त्यावर गेले की सटकलेच म्हणून समजावे.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की निघण्यापूर्वी आपण जसा पाऊस आहे का ते पाहतो, तसे त्या तालुक्यात सध्या काय निघाले आहे हे माहीत करून घ्यावे. त्यावरून समोर काय येणार, कोणत्या वेळी येणार आणि त्याला मागचा दिवा असेल की नाही, याचा बराच अंदाज बांधता येतो.

दिव्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण रात्रीच्या मागून धडकण्याच्या अपघातांचे मूळ तिथे आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर जाते. समोरची वस्तू दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला आणि कोरड्या, चांगल्या डांबरावर ब्रेकसाठी आणखी 35 मीटरच्या आसपास धरले, तर थांबायला साधारण 57-58 मीटर लागतात. साध्या हॅलोजन दिव्याच्या डिपरमध्ये, म्हणजे खाली पाडलेल्या झोतात, मातकट रंगाची ट्रॉली 40 ते 50 मीटरच्या आत आली तरच नीट दिसते. म्हणजे रस्त्यात उभी असलेली ट्रॉली दिसली तेव्हाच धडक ठरून गेलेली असते, चालक कितीही निष्णात असो. हाच हिशेब ताशी 60 ला केला तर थांबायला 37 मीटरच्या आसपास लागतात, म्हणजे वाचायला जागा उरते. समोरून गाडी येत असल्यामुळे डिपर ठेवावा लागत असेल, तर गावरस्त्यावर 60 ही वरची मर्यादा मानावी. ओल्या रस्त्यावर त्याहूनही कमी.

इतरांनी आपापल्या भागातील गोष्टी लिहाव्यात. विशेषतः ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी.

कादवाकाठ

मी निफाड तालुक्यातला शेतकरी असून ट्रॅक्टर स्वतः चालवतो. हंगामाचा मुद्दा पटला, परंतु वाचताना अंधारातली ट्रॉली म्हणजे कोणीतरी मुद्दाम आणून उभे केलेले संकट आहे असा समज होतो, म्हणून दुसरी बाजू लिहीत आहे.

ट्रॉलीचे मागचे दिवे नसतात हे खरे आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. ते का टिकत नाहीत, तेवढे सांगतो. ट्रॉली बांधावरून, चारीतून जाते, हायड्रॉलिकवर उचलली जाते, ऊस भरताना मोळ्या बाजूने लोंबतात. या सगळ्यात वायर तुटते किंवा काच फुटते. यावर स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे रिफ्लेक्टरची पट्टी. गाळप सुरू होताना कारखाने आणि आरटीओ मिळून ती लावून देण्याचे कार्यक्रम घेतात, पण ते उसाच्या वाहनांपुरते. कांद्याच्या ट्रॉलीला कोणी विचारत नाही. शिवाय पट्टी फळीच्या मधोमध लावतात आणि तिच्यावर उसाचे शेंडे किंवा ताडपत्री येते. ती खाली, चेसीच्या आडव्या पट्टीवर दोन्ही टोकांना लावावी आणि बाजारातून परतल्यावर एकदा फडक्याने पुसावी. चिखलाखालची पट्टी असून नसल्यासारखी.

आता कारवाल्यांना माहीत नसलेल्या दोन गोष्टी लिहितो. पहिली ही की बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. मागे कित्येक क्विंटल कांदा असताना सगळे वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते आणि उतारावर तर ट्रॉलीच ट्रॅक्टरला पुढे ढकलते. त्यामुळे ओव्हरटेक करून लगेच आमच्या पुढे घुसू नये आणि घुसून गतिरोधकाला ब्रेक तर मुळीच मारू नये. बाजारातून परतताना ट्रॉली रिकामी असते, म्हणून वेग जास्त असतो आणि ती खड्ड्यात उसळून बाजूला सरकते, तेव्हा त्या वेळी शेजारून जाताना अंतर जास्त ठेवावे.

दुसरी गोष्ट वळण्याची. इंजिनच्या आवाजात, आणि हल्ली बहुतेकांनी बसवलेल्या टेपच्या आवाजात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. ट्रॅक्टर उजव्या हाताच्या मळ्यात वळणार असेल तर इंडिकेटर मिळेलच असे नाही, पण खुणा मिळतात. वेग कारण नसताना कमी होतो, लांब ट्रॉली वळवायची असल्यामुळे चालक आधी किंचित डावीकडे दबतो, आणि उजव्या बाजूला कुंपणात, कालव्याच्या कडेला किंवा झाडांच्या रांगेत कुठेतरी वाट फुटलेली असते. डावीकडे दबलेला ट्रॅक्टर पाहून बाहेरच्या चालकाला वाटते की आपल्याला वाट दिली, आणि तो नेमका त्याच क्षणी उजवीकडून काढतो. आमच्या रस्त्यावर मी पाहिलेल्या धडका बहुतेक अशाच आहेत. तेव्हा ट्रॅक्टर डावीकडे दबला आणि उजवीकडे वाट दिसत असेल, तर थांबावे. चालकाने मागे वळून पाहिले आणि हात हलवला, तरच काढावे.

जुना ओव्हरसियर

रस्त्यांच्या कामावर नोकरीचा बराच काळ गेला असल्याने रस्त्याच्या बाजूने लिहितो.

ग्रामीण रस्त्यावरचा सर्वात फसवा भाग खड्डा नसून साइडपट्टी आहे. डांबराचा नवा थर टाकला की रस्त्याची उंची वाढते, पण कडेची मुरमाची पट्टी तितकी भरली जात नाही किंवा पहिल्या पावसात वाहून जाते. मग डांबराच्या कडेला वीतभर पायरी तयार होते. समोरून बस आली म्हणून चालक डावे चाक खाली उतरवतो, पायरीचा धक्का लागताच घाबरून स्टिअरिंग जोरात उजवीकडे ओढतो. चाकाचा टायर त्या पायरीला घासत राहतो आणि वर येत नाही, म्हणून तो आणखी ओढतो. मग चाक एकदम वर चढते, पण तोवर स्टिअरिंग पूर्ण फिरलेले असते आणि गाडी क्षणात समोरच्या वाहनावर जाते किंवा पलीकडच्या चारीत उलटते. वर्तमानपत्रात मात्र ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढेच येते. चाक उतरले तर ओढाओढ करू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे, जोरात ब्रेक मारू नये, वेग अगदी कमी होऊ द्यावा आणि मग जिथे पायरी कमी आहे तिथून सावकाश वर यावे. चाक खाली असताना गाडी बऱ्यापैकी स्थिर असते. धोका असतो तो वर येण्याच्या घाईत.

दुसरा विषय रस्त्याकडेच्या विहिरींचा आहे. 28 जानेवारी 2020 रोजी मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने कडेच्या विहिरीत पडली आणि 26 माणसे गेली. धडक स्वतः भीषण होतीच, परंतु विहीर तिथे नसती तर आकडा इतका मोठा झाला नसता, असे माझे मत आहे. आपल्याकडे आधी विहीर होती आणि नंतर रस्ता रुंद होत तिच्यापर्यंत आला, अशी स्थिती अनेक शिवारांत आहे. जुन्या विहिरींचे कठडे जमिनीलगत असतात आणि पावसाळ्यात गवत वाढले की तेही दिसत नाहीत. पाटाच्या कडेच्या रस्त्यांचेही तेच. अशा रस्त्यावर समोरच्याला बाजू देताना पट्टीवर उतरण्यापेक्षा डांबरावरच पूर्ण थांबणे जास्त शहाणपणाचे आहे.

सरकारी भाषेत ज्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात, त्याची राष्ट्रीय महामार्गांसाठीची व्याख्या अशी आहे की सुमारे 500 मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे 5 अपघात झालेले असावेत किंवा 10 मृत्यू झालेले असावेत. महामार्गावर हे मोजमाप उपयोगी आहे. गावरस्त्यावर मात्र अपघात विखुरलेले असतात, आज या फाट्यावर, पुढच्या महिन्यात दोन किलोमीटरवरच्या मोरीवर, त्यामुळे कोणतीच जागा व्याख्येत बसत नाही आणि कोणत्याच जागेला निधी मिळत नाही.

मुंबईनाका

मी दर आठवड्याला सिन्नरकडे जातो. माझा अनुभव असा की समृद्धी महामार्गावरून उतरून आलेल्या गाड्यांपासून सर्वात जास्त जपून राहावे लागते. तिथे कारला ताशी 120 ची मर्यादा आहे, दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, आडवे येणारे कोणी नाही. तासन्‌तास त्या वेगाला डोळे सरावतात आणि मग भरवीर किंवा गोंदे इथे उतरून घोटी-सिन्नरच्या बाजूला लागल्यावर 80 चा वेगही रांगल्यासारखा वाटतो. स्पीडोमीटर पाहिल्याशिवाय खरा वेग कळत नाही. उतरल्यावर पहिल्या टपरीवर चहा घ्यावा, हा माझा साधा तोडगा आहे. चहा वाईट असला तरी चालेल.

जोडीला एक तक्रार. पांढरे एलईडी बाहेरून बसवून घेणाऱ्यांनी समोरच्या दुचाकीस्वाराचा विचार करावा. त्याला काही सेकंद काहीही दिसत नाही आणि नेमका त्याच्या डावीकडे ओव्हरसियर साहेबांनी वर्णन केलेला उतरता काठ असतो.

घाटमाथा

पेठ आणि सुरगाणा या भागाबद्दल लिहितो, कारण या धाग्यात आतापर्यंत बागायती पट्टाच आला आहे.

आमच्याकडे हंगाम पिकाचा कमी आणि स्थलांतराचा जास्त. द्राक्षांची कामे सुरू झाली की टोळ्या दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि भाताच्या आवणीला (लावणीला) परत येतात. ही ने-आण पिकअपमधून, उभ्याने होते. मालवाहू गाडीत किंवा ट्रॉलीत माणसे बसवणे नियमात बसत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पाड्यावरून पहाटे निघणारी दुसरी सोय नसेल तर मजूर काय करणार, हेही विचारले पाहिजे. अशा गाडीत वरचे वजन जास्त असते, आणि ते वजन वळणावर स्वतः हलते. त्यामुळे पिकअपमध्ये माणसे उभी दिसली की वळणावर तिच्या शेजारी राहू नये, आणि हॉर्न देऊन तिला घाई तर मुळीच करू नये. बागायतदारांना एक विनंती आहे की मजूर आणताना चालकाला खेपेवर पैसे देऊ नयेत. एका खेपेत जास्त माणसे कोंबण्याचे आणि दुसऱ्या खेपेसाठी पळवण्याचे मूळ तिथेच असते.

घाटांबद्दल. सावळघाट आणि कोटंबी घाटात पावसाळ्यात धुके इतके दाट असते की बॉनेटच्या पुढचे दिसत नाही. त्यात अप्पर, म्हणजे वरचा लांब झोत, लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरच ठेवावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची पद्धत पर्यटकांनी इथे आणली आहे, ती घातक आहे, कारण मग कोण उभे आहे, कोण चालले आहे आणि कोण वळत आहे हे मागच्याला कळत नाही. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अजून आहेत आणि खाली पोहोचेपर्यंत त्यांच्या ब्रेकचा जळका वास मागच्या गाडीत येतो. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा केवळ शिष्टाचार नसून वाहतुकीच्या नियमांत लिहिलेला नियम आहे. भरलेली जीप चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे घसरते.

फरशी पुलांवर पाणी असेल तर थांबावे, इतकेच लिहितो. स्थानिक माणूस चालत गेला म्हणून आपली गाडी जाईल असे समजू नये, कारण त्याला फरशीचा काठ कुठे संपतो ते पाठ असते.

पांढरीगाडी

अपघात झाल्यानंतरच्या वेळेबद्दल कोणी लिहिले नाही. मी काही काळ रुग्णवाहिकेच्या कामाशी जोडलेला होतो, म्हणून लिहितो.

108 ला फोन केल्यावर सर्वात जास्त वेळ जागा समजण्यात जातो. ‘वणीच्या अलीकडे, पुलाजवळ’ हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण पूल अनेक आहेत. किलोमीटरच्या दगडावरचे आकडे, विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक, शेजारच्या वस्तीचे किंवा शाळेचे नाव, आणि आपण कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे जात होतो हे सांगावे. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा क्रमांकही चालतो. शक्य असल्यास एकाने फाट्यावर जाऊन उभे राहावे, कारण रात्री मळ्याकडे वळणाऱ्या सगळ्या वाटा सारख्याच दिसतात.

जखमीला ओढून काढण्याची घाई करू नये. आग, पाणी किंवा मागून येणारी वाहने यांचा धोका नसेल, तर मान न हलवता त्याला तिथेच राहू द्यावे आणि रक्त वाहत असेल त्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. आपल्याकडे गर्दी जमली की पहिला तांब्या तोंडाशीच येतो.

पोलिसांच्या भीतीने लोक अजूनही निघून जातात, म्हणून कायद्याचे सांगतो. मोटार वाहन अधिनियमात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आले आहे. त्यानुसार सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून केंद्राची रोकडरहित उपचार योजनाही लागू आहे; अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नेमलेल्या रुग्णालयांत उपचार होऊ शकतात. योजनेचा उल्लेख नातेवाइकांनी रुग्णालयात स्वतःहून करावा.

शिवाररस्ता

सर्वांचे आभार. कादवाकाठ यांनी सांगितलेली डावीकडे दबण्याची खूण मला नवीन होती आणि ती प्रत्येक वाहनचालक शाळेत शिकवली पाहिजे.

हंगामाच्या यादीत माणसांचे हंगामही धरावेत. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरकडे दिंड्या येतात. रामनवमीच्या सुमारास मुंबईकडून साईंच्या पालख्या घोटी-सिन्नर मार्गे शिर्डीला जातात. आणि त्याच दिवसांत चैत्रोत्सवासाठी खानदेशातून हजारो लोक मालेगाव, देवळा, कळवण मार्गे सप्तशृंग गडाकडे पायी येतात. ऊन टाळण्यासाठी ते रात्री चालतात आणि दमले की रस्त्याच्या कडेलाच आडवे होतात. त्या दिवसांत रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळावा. आता 2027 च्या सिंहस्थामुळे रस्त्यांची कामे सुरू आहेत, म्हणजे ओळखीच्या रस्त्यावरही अनोळखी वळण मिळणार.

ओव्हरसियर साहेबांना एक प्रश्न आहे. ट्रक नादुरुस्त झाला की चालक मागे दगड आणि झाडाच्या फांद्या लावतो. ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड रस्त्यातच राहतात आणि रात्री दुचाकीवाला त्यावर पडतो. हे दगड, न रंगवलेले गतिरोधक आणि खचलेल्या साइडपट्ट्या यांची तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

जुना ओव्हरसियर

दगड दिसले तर सुरक्षित जागी गाडी लावून स्वतः बाजूला करावेत. त्यासाठी अर्जाची वाट पाहू नये. बाकीच्यांसाठी आधी रस्ता कोणाचा आहे ते ओळखावे लागते, आणि ते किलोमीटरच्या दगडाच्या डोक्यावरून कळते. पिवळे डोके म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवे म्हणजे राज्य मार्ग. तो आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. नारिंगी असेल तर तो रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला आहे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे येतात. तक्रारीत ‘रस्ता खराब आहे’ असे लिहिल्यास पोहोच मिळते आणि पुढे काही होत नाही. दगडावरचा किलोमीटर, बाजू डावी की उजवी, पायरीची उंची टेपने मोजून, आणि दिवसा काढलेले छायाचित्र असे जोडावे. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर तो कागद बाजूला ठेवणे अधिकाऱ्याला अवघड जाते, कारण पुढे त्याच जागी अपघात झाला तर तो ठराव फाइलीत असतो.

कादवाकाठ

आमच्या फाट्यावरचा दगड हिरव्या डोक्याचा आहे. गतिरोधकाचा रंग गेल्या पावसाळ्यातच उडालेला असून तिथे टोमॅटोच्या हंगामात संध्याकाळी गाड्या अक्षरशः उडतात. येत्या ग्रामसभेत ठराव मांडतो. अर्जाचा नमुना कोणाकडे असल्यास कृपया इथेच द्यावा, म्हणजे शेजारच्या गावांनाही वापरता येईल.